पीएलसीला उत्तर मिळत नाही तेव्हा : आरएस-४८५ आणि मॉडबसमधला दोष शोधण्याची रीत

एचएमआयवर, म्हणजे मशीनच्या टचस्क्रीनवर, आकड्यांच्या जागी हॅश उमटतात. किंवा त्याहून वाईट, एनर्जी मीटरचं रीडिंग सकाळपासून एकाच आकड्यावर बसलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आलं की पॅनेलपाशी चार माणसं जमतात आणि पहिली सूचना ठरलेली असते : "प्रोग्राम उडाला असेल, परत डाउनलोड करून बघू."

ही सूचना ऐकू नका. कालपर्यंत नीट चालणारं कम्युनिकेशन आज बंद पडलं असेल, तर दोष बहुधा सैल झालेल्या टर्मिनलमध्ये, नुकत्याच बदललेल्या मीटरमध्ये, परवा त्याच ट्रेमधून ओढलेल्या मोटरच्या केबलमध्ये किंवा बसलेल्या २४ व्होल्ट सप्लायमध्ये सापडतो. डाउनलोड केल्याने फार तर पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) एकदा बंद-चालू होतो, त्यामुळे तात्पुरतं सुरू झाल्याचा भास होतो आणि खरं कारण झाकलं जातं. सेटिंग आणि पत्त्यांच्या चुका असतात त्या नव्या जोडणीत, किंवा कुणी काही बदललं असेल तर. म्हणून पहिला प्रश्न मल्टिमीटरला विचारायचा नाही, शिफ्टवरच्या माणसांना विचारायचा : बंद पडायच्या आधी या लाइनवर कुणी काय काम केलं?

इथे उदाहरणाला अगदी रोजची जोडणी घेतली आहे. एक पीएलसी, त्याच्या आरएस-४८५ पोर्टवर (एकाच जोडीवर अनेक उपकरणं जोडणारी सिरियल लाइन) काही एनर्जी मीटर, दोन-तीन ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं), एखादा टेम्परेचर कंट्रोलर, आणि सगळ्यांची भाषा मॉडबस आरटीयू. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेला हा प्रोटोकॉल अजून चाकणपासून बुटीबोरीपर्यंत आणि पलीकडे वेर्ण्यापर्यंत कुठल्याही शेडमध्ये भेटतो. इथरनेटबद्दल आणि लॅपटॉपवरून पीएलसी पकडत नाही त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

वायर काढण्याआधी

ड्राइव्हला रन आणि वेगाची आज्ञा मॉडबसवरून जात असेल, तर कम्युनिकेशन तुटल्यावर तो ड्राइव्ह काय करणार हे आधी पाहा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये कम्युनिकेशन टाइमआउटची देखरेख मुळात बंद ठेवलेली असते. मग तुम्ही वायर काढलीत तरी मोटर शेवटच्या वेगाने फिरतच राहते, आणि एचएमआयवरचं स्टॉप बटण दाबून उपयोग नसतो, कारण ती आज्ञा त्याच वायरवरून जायची होती. मशीन थांबवून, लोकांना सांगून मगच हात घाला. इमर्जन्सी स्टॉप कम्युनिकेशनवर अवलंबून असेल तर ते काम सगळ्यांत आधी दुरुस्त करायचं. तो स्वतंत्र वायरने थेट जोडलेला असला पाहिजे.

ड्राइव्ह बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं घातक व्होल्टेज असतं. मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ थांबा. आणि पीएलसीचा चालू प्रोग्राम, ड्राइव्हचे पॅरामीटर, मीटरची सेटिंग यांची नोंद काढून ठेवा. मोबाइलवर काढलेले फोटोही चालतात.

उत्तराचा प्रकार ओळखा

मॉडबस आरटीयूमध्ये मास्टर (इथे पीएलसी) विचारतो आणि स्लेव्ह (मीटर, ड्राइव्ह वगैरे) उत्तर देतो. स्लेव्ह आपणहून कधी बोलत नाही. मॉडबस संघटनेने २०२० पासून क्लायंट आणि सर्व्हर हे शब्द घेतले आहेत, त्यामुळे नव्या मॅन्युअलमध्ये तेच दिसतील, पण फील्डवर अजून मास्टर-स्लेव्हच चालतं. मास्टरने विचारल्यावर पुढे चारच गोष्टी घडू शकतात : काहीच उत्तर येत नाही, मोडकंतोडकं उत्तर येतं, स्पष्ट नकार येतो, किंवा उत्तर येतं पण आकडा चुकीचा असतो. यांतलं नेमकं काय घडतंय हे कळलं की अर्धं काम संपतं. हे न बघता वायर उलटसुलट करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

स्लेव्हला आलेला संदेश बिघडलेला वाटला, म्हणजे त्याच्या शेवटचा तपासणीचा आकडा, सीआरसी, जुळला नाही, तर तो तक्रार करत नाही, गप्प बसतो. संदेश दुसऱ्याच्या पत्त्यावर असेल तरी गप्प. बॉड रेट (बिट पाठवायचा वेग) वेगळा असेल, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) वेगळी असेल, वायर तुटली असेल, स्लेव्हला सप्लायच नसेल, प्रत्येक वेळी मास्टरला दिसतो तो एकच टाइमआउट. त्यामुळे टाइमआउटवरून कारण कळत नाही, फक्त शोधाची दिशा कळते : केबल, सप्लाय, पत्ता, बॉड, पॅरिटी.

नकाराचं उलट आहे. तुम्ही फोन लावला आणि समोरच्याने उचलून "इथे तसं कुणी राहत नाही" म्हटलं, तर निदान फोन चालू आहे हे नक्की. मॉडबसमध्ये या नकाराला एक्सेप्शन म्हणतात. समजा मास्टरने १ नंबरच्या स्लेव्हला पहिले दोन रजिस्टर (आकडे ठेवायचे १६ बिटांचे कप्पे) मागितले, तर हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर, संदेश असा : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. यात पहिला बाइट पत्ता, दुसरा फंक्शन कोड, मग सुरुवातीचं रजिस्टर, मग संख्या आणि शेवटचे दोन सीआरसीचे. उत्तराचा दुसरा बाइट ०३ ऐवजी ८३ आला की तो नकार समजायचा, आणि त्याच्या पुढचा बाइट कारण सांगतो. ०१ म्हणजे हा फंक्शन कोड मला येत नाही, ०२ म्हणजे असं रजिस्टर माझ्याकडे नाही, ०३ म्हणजे मागणीतला आकडा मान्य नाही. हे दिसलं की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि मॅन्युअल उघडा. वायर, बॉड, पॅरिटी, स्लेव्हचा पत्ता सगळं बरोबर आहे.

उत्तराचा हा प्रकार पीएलसीत कुठे दिसतो? सीमेन्स एस७-१२०० मध्ये मॉडबस मास्टरच्या ब्लॉकला स्टेटस असतो : ८०सी८ म्हणजे टाइमआउट, ८३८० म्हणजे सीआरसीची चूक, ८२०० म्हणजे पोर्ट आधीच दुसऱ्या कामात आहे. हा स्टेटस एररच्या वेळी एकाच स्कॅनपुरता, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीपुरता, राहतो, त्यामुळे ऑनलाइन बघताना नेहमी शून्य किंवा ७००० च्या आसपासचे आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो. एरर बिट आला की स्टेटस वेगळ्या मेमरीत कॉपी करणारी एक ओळ लिहा. ती ओळ प्रोग्राममध्ये कायम राहू द्या. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत आरएस-४८५ पोर्टसाठी एम११२९ हा टाइमआउटचा बिट आहे आणि एम११२७ हा उत्तर पूर्ण आल्याचा.

सगळे गप्प आहेत की एकच?

एकच मीटर गप्प असेल तर त्या मीटरपाशी जा. साखळीत एका ठिकाणापासून पुढचे सगळे गप्प असतील तर तो सांधा बघा : शेवटचं बोलणारं उपकरण आणि पहिलं न बोलणारं उपकरण, यांच्यामध्येच वायर सुटली आहे. सगळेच गप्प असतील तर पीएलसीचा पोर्ट, पहिली केबल, किंवा कुणीतरी एक उपकरण सगळी लाइन दाबून बसलंय, असे तीनच पर्याय.

तिसऱ्या पर्यायासाठी लाइन अर्धी करा. मधल्या उपकरणापाशी पुढे जाणारी जोडी काढा. अलीकडचे बोलायला लागले तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. वीस उपकरणांच्या लाइनवरही चार-पाच वेळा काढघाल केली की गुन्हेगार हाती लागतो. एकेक उपकरण ओळीने काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

दोन स्लेव्हना चुकून एकच पत्ता दिला गेला तर लक्षण वेगळं दिसतं : दोघं एकदम उत्तर देतात, संदेश एकमेकांत मिसळतात आणि सीआरसीच्या चुका येतात. त्यांतला एक बंद केला की दुसरा व्यवस्थित बोलतो. नवा मीटर बसवल्यावर हे हमखास घडतं, कारण बहुतेक उपकरणं कारखान्यातून १ हाच पत्ता घेऊन येतात. पत्ते १ ते २४७ पर्यंत देता येतात. ० हा सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखीव आहे आणि त्यावर कुणी उत्तर देत नाही.

केबल : इथे सावकाश

सगळ्यांचा सप्लाय बंद करून लाइनच्या दोन डेटा वायरींमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेले) असतील तर ६० च्या जरा खाली आकडा दिसतो. १२० च्या आसपास आला तर एकच रेझिस्टर लागलाय, किंवा वायर मध्येच तुटली आहे आणि तुम्हाला अलीकडचाच दिसतोय. ४० आला तर तीन लागलेत, ३० आला तर चार. हे फार वेळा होतं : मीटरच्या मागे छोटा डिप स्विच असतो आणि बसवणारा माणूस "टर्मिनेशन चांगलं असतं" म्हणून प्रत्येक मीटरवर तो चालू करून ठेवतो. आरएस-४८५ चा ड्रायव्हर ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्ट देईल असं मानकात गृहीत आहे. त्याहून जास्त भार टाकलात की सिग्नल बसतो. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी दोन वायरी चिकटल्या आहेत, बहुतेक वेळा फेरूल (टोकाला बसवायची धातूची टोपी) न लावलेल्या वायरीची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला लागलेली असते. प्रोफिबस या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या कनेक्टरमध्ये ३९०, २२० आणि ३९० ओहमची वेगळी जोडणी असते, तिथे हा हिशेब लावू नका.

माझं मत विचाराल तर ९६०० बॉडवर वीस-पंचवीस मीटर लांबीच्या लाइनला टर्मिनेशन नसल्यामुळे कम्युनिकेशन बंद पडलं, असं क्वचितच असतं. लोक पहिलं बोट तिकडेच दाखवतात. लांब लाइन आणि जास्त बॉड असेल तेव्हा मात्र दोन टोकांना दोन रेझिस्टर हवेतच.

आता सप्लाय चालू करा, पण मास्टरचं विचारणं थांबवा, आणि दोन डेटा वायरींमधलं डीसी व्होल्टेज मोजा. लाइन शांत असताना ते २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हवं. रिसीव्हरला १ आणि ० ओळखायला एवढा फरक लागतो. त्याच्या आत लाइन अधांतरी असते आणि कुणी बोलत नसतानाही कचरा बाइट वाचले जातात. फरक कमी असेल तर लाइन ठरलेल्या पातळीला धरून ठेवणारे बायस रेझिस्टर लागतात, तेही एकाच ठिकाणी, शक्यतो मास्टरपाशी. व्होल्टेज उलट्या चिन्हाने आलं तर कुणीतरी वायरी अदलाबदल केल्या आहेत.

अदलाबदलीचा दोष इलेक्ट्रिशियनला देऊ नका. ए आणि बी या अक्षरांबाबत उत्पादकांमध्येच एकमत नाही. सीमेन्सच्या प्रोफिबसमध्ये बी ही धन बाजू, तीन नंबरची पिन आणि लाल वायर. दुसऱ्या कित्येक कंपन्यांच्या मीटरवर ए ही धन बाजू. डेल्टा सरळ डी+ आणि डी− छापतं, ते बरं. मॉडबसच्या अधिकृत दस्तऐवजात आणखी तिसरंच, डी१ आणि डी०. त्यामुळे अक्षरावर विश्वास न ठेवता नव्या उपकरणाच्या दोन्ही वायरी उलट करून एकदा बघणं ही इथे अधिकृत चाचणीच समजा. उलट लागल्याने काही जळत नाही.

तिसरी वायर हा मोठा गैरसमज आहे. "आरएस-४८५ ला दोनच वायरी लागतात" असं आपण शिकलेलो असतो. दोन्ही टोकांच्या शून्य पातळीतला फरक साधारण ७ व्होल्टच्या आत राहिला तरच हे खरं. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये लाइन गेली, दोन्हीकडे अर्थिंग वेगळं असलं, तर हा फरक सहज ओलांडला जातो. आधी संदेश चुकतात, मग एक दिवस पोर्टची चिप जाते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सला येणाऱ्या तक्रारींत या जळलेल्या पोर्टांचा वाटा चांगलाच असतो. उपाय दोन : केबलमधली तिसरी वायर घेऊन सगळ्या उपकरणांचे सिग्नल कॉमन एकमेकांना जोडा, आणि दोन इमारतींमध्ये आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवून सिग्नल पुढे देणारं उपकरण) किंवा थेट फायबर वापरा. दोन इमारतींसाठी मी फायबरच सुचवेन. महाग वाटतं, पण तांब्याची वायर आहे तोवर विजेला वाट आहेच.

लाइन साखळीसारखी एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जायला हवी, एका जंक्शन बॉक्समधून पाच दिशांना फाटे नकोत. फाटा काढावाच लागला तर मॉडबसच्या नियमाप्रमाणे तो २० मीटरपेक्षा मोठा नको. एकाच टॅपवरून अनेक फाटे निघत असतील तर ४० मीटरला फाट्यांच्या संख्येने भागा, तेवढीच प्रत्येकाची कमाल लांबी.

राहिला मोटरचा त्रास. मोटर बंद असताना सगळं ठीक आणि ड्राइव्ह सुरू झाला की चुका, असं असेल तर बाकी काही न तपासता केबलची वाट तपासा. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी केबल ही त्या शेडमधली सगळ्यांत गोंगाट करणारी वस्तू आहे. कम्युनिकेशनची केबल तिच्या ट्रेमध्ये नको, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. केबल पिळाच्या जोडीची आणि शील्डची हवी. साधी दोन कोअरची फ्लेक्झिबल वायर टाकून काम भागवलेलं असतं तिथे बाकीचे उपाय वाया जातात. शील्ड प्रत्येक उपकरणापाशी तुटून लोंबत राहू नये, ती अखंड पुढे न्या. अर्थिंग नीट एकसारखं नसलेल्या जुन्या शेडमध्ये शील्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ केलेली बरी, नाहीतर तिच्यातूनच प्रवाह वाहायला लागतो.

लॅपटॉपने थेट विचारा

वायर ठीक वाटते तरी टाइमआउट जात नसेल, तर पीएलसीला बाजूला काढा. यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर आणि लॅपटॉपवर मॉडबस पोल किंवा फुकट मिळणारं क्यूमॉडमास्टर घ्या. पीएलसीची जोडी लाइनवरून काढूनच कन्व्हर्टर लावा. एका लाइनवर दोन मास्टर बोलायला लागले तर नवाच गोंधळ होतो. मग एकच स्लेव्ह, एकच रजिस्टर, हातभर केबल. इथे उत्तर आलं तर स्लेव्ह निर्दोष. नाही आलं तर पीएलसीच्या प्रोग्रामला दोष द्यायचं कारण संपलं.

सेटिंग जुळवताना बॉडइतकंच पॅरिटीकडे बघा. मॉडबसच्या मानकात ८ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट हे मूळ धरलं आहे, आणि पॅरिटी नसेल तर २ स्टॉप बिट. प्रत्यक्षात बाजारातली बरीच उपकरणं ८, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी येतात. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीचा पोर्ट मुळात ९६००, ७ बिट, इव्हन, १ आणि आस्की (संदेश अक्षरांच्या रूपात पाठवणाऱ्या) पद्धतीत असतो. आरटीयूसाठी एम११४३ चालू करावा लागतो आणि डी११२० मध्ये, उदाहरणार्थ, ८७ हेक्स टाकला की ९६००, ८, इव्हन, १ होतं. एम११२० चालू केला नाही तर ही सेटिंग टिकत नाही. आणि अनेक मीटर व ड्राइव्ह नवी सेटिंग बंद-चालू केल्याशिवाय घेत नाहीत, हे विसरून लोक बरोबर असलेलं सेटिंग पुन्हा बदलतात.

नकार येतोय, म्हणजे रजिस्टरचा पत्ता तपासा

०२ नंबरच्या नकारामागे बहुतेक वेळा एकाचा फरक असतो. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर वायरवरून ० या पत्त्याने जातं. काही सॉफ्टवेअर ४०००१ मागतं आणि स्वतः वजाबाकी करतं, काही थेट ० मागतं. शंका आली तर एक पुढचं आणि एक मागचं वाचून बघा. व्होल्टेजच्या जागी दुसऱ्या फेजचं व्होल्टेज आलं की उलगडतं.

४ ने सुरू होणारे पत्ते होल्डिंग रजिस्टर, ते फंक्शन ०३ ने वाचतात. ३ ने सुरू होणारे इनपुट रजिस्टर, ते ०४ ने. काही एनर्जी मीटर सगळी मोजमापं फक्त ०४ ने देतात आणि ०३ ने मागितलं की नकार देतात. एका वेळी १२५ पेक्षा जास्त रजिस्टर मागता येत नाहीत. काही उपकरणं त्याहून बरीच कमी देतात.

हेक्स आणि दशमानाची गफलतही इथलीच. डेल्टाच्या व्हीएफडी-ई ड्राइव्हला रन-स्टॉपची आज्ञा २००० हेक्स या पत्त्यावर जाते. ते दशमानात ८१९२ होतं, आणि ४ च्या पद्धतीने मोजलं तर ४८१९३. प्रोग्राममध्ये कुणी साधा २००० लिहिला तर ड्राइव्ह नकार देतो. पत्ता बरोबर आहे, दशमानातला १८ हा आकडा लिहिला आहे म्हणजे पुढच्या दिशेने रन, २००१ हेक्समध्ये ५००० म्हणजे ५० हर्ट्झ, ड्राइव्हने सगळं मान्यही केलं, तरी मोटर फिरत नाही? मग ०२.०० आणि ०२.०१ हे पॅरामीटर बघा. वेग आणि रनची आज्ञा कुठून घ्यायची हे तिथे ठरतं, दोन्ही आरएस-४८५ वर, उदाहरणार्थ ३ वर, नसतील तर ड्राइव्ह ऐकून घेतो आणि काहीच करत नाही. हा दोष कम्युनिकेशनचा नाहीच, पण तक्रारवहीत त्याची नोंद कम्युनिकेशन म्हणूनच होते.

उत्तर येतं पण आकडा वेडावाकडा, हा चौथा प्रकार. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो आणि त्यांतलं आधी कोणतं, हे उत्पादकागणिक बदलतं. २३० व्होल्ट हा आकडा हेक्समध्ये ४३६६ ०००० असतो. रजिस्टर उलट वाचली की ०००० ४३६६ होतं आणि तो इतका सूक्ष्म आकडा असतो की एचएमआयवर सरळ ० दिसतो. म्हणून मीटरच्या डिस्प्लेवर २३० आणि एचएमआयवर ० असेल तर घाबरू नका, दोन रजिस्टरची जागा बदला. आकडा दहापट किंवा शंभरपट असेल तर तो दशांश नसून पूर्णांक आहे आणि त्याला गुणक लावायचा राहिलाय.

कधी चालतं, कधी नाही

खरा घाम काढणारी तक्रार ही. इथे कागद-पेन घ्या. ९६०० बॉडवर एक अक्षर ११ बिटांचं धरलं तर साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. ८ बाइटचा प्रश्न म्हणजे ९ मिलिसेकंद. २० रजिस्टरचं उत्तर ४५ बाइट, म्हणजे ५२. दोन संदेशांमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता हवी, ती ४. मीटर विचार करायला ५० घेतो असं धरा. एका मीटरला साधारण १२० मिलिसेकंद, दहा मीटरला सव्वा सेकंद. एवढ्यात कुणी प्रोग्राममध्ये दर ५०० मिलिसेकंदाला सगळ्यांना विचारायचा टायमर लावला असेल, तर प्रश्नावर प्रश्न चढणारच.

त्यात एक मीटर बंद पडला. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असतील तर प्रत्येक फेरीत त्या एका मीटरपायी ३ सेकंद वाया जातात आणि उरलेल्या नऊ मीटरांची रीडिंग रेंगाळतात. ऑपरेटरची तक्रार "सगळं हळू झालं" अशी येते, बंद मीटरचं नाव कुणी घेत नाही. टाइमआउट २००–३०० मिलिसेकंदांवर आणा, पण उपकरणाच्या मॅन्युअलमधल्या उत्तराच्या वेळेपेक्षा कमी नको. सतत गप्प राहणाऱ्या स्लेव्हला फेरीतून काढून मिनिटाभराने एकदाच विचारायची सोय प्रोग्राममध्ये करा.

प्रश्न एकामागून एक जायला हवेत. आधीचा पूर्ण झाला किंवा चुकला हे कळल्यावरच पुढचा. एस७-१२०० मध्ये एका पोर्टवरच्या सगळ्या मास्टर ब्लॉकना एकच इन्स्टन्स डेटा ब्लॉक (त्या ब्लॉकची कामाची मेमरी) द्यायचा असतो. प्रत्येकाला वेगळा दिला आणि सगळे एकदम सोडले की वर सांगितलेला ८२०० भेटतो.

लॅपटॉपवरून पीएलसी पकडत नाही

सिरियल केबल असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. यूएसबीचं तोंड बदललं की नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअर जुनाच शोधत राहतं. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हर. स्वस्त केबलमधल्या नकली चिपला नवा ड्रायव्हर नाकारतो, तिथे केबलच बदला. पीएलसीचं दुसरं सॉफ्टवेअर किंवा एचएमआयचं सॉफ्टवेअर मागे उघडं असेल तर पोर्ट त्याने धरून ठेवलेला असतो.

इथरनेट असेल तर आधी वाय-फाय बंद करा. ऑफिसचं वाय-फाय आणि पीएलसी दोन्ही १९२.१६८.० च्या मालिकेत असतील तर लॅपटॉप पीएलसीला भलत्याच दाराने शोधतो. लॅपटॉपला त्याच मालिकेतला वेगळा आयपी आणि २५५.२५५.२५५.० मास्क द्या, मग पिंग करा. पिंगच्या उत्तरात "रिप्लाय फ्रॉम" दिसलं म्हणून खूश होऊ नका, पुढे "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" लिहिलं असेल आणि आयपी तुमचाच असेल तर पीएलसीपर्यंत काही पोचलेलंच नाही. पिंग लागतोय पण सॉफ्टवेअर जोडत नाही, तेव्हा पीएलसीची केबल काढून परत पिंग करा. तरीही उत्तर आलं, तर तो आयपी दुसऱ्याच कुणाकडे आहे : एखादा कॅमेरा, एखादा प्रिंटर.

मॉडबस टीसीपीचा पोर्ट ५०२, सीमेन्सचा १०२, रॉकवेलचा ४४८१८. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा आयपी आणि पोर्ट देऊन चालवली की तो पोर्ट उघडा आहे का ते कळतं. बंद असेल तर फायरवॉल बघा, किंवा पीएलसीत ती सेवाच चालू नाही. एस७-१२०० शी दुसऱ्या कंपनीचा एचएमआय जोडताना पुट-गेटची, म्हणजे बाहेरून डेटा वाचण्या-लिहिण्याची, परवानगी संरक्षणाच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते, नाहीतर पिंग छान आणि डेटा शून्य. बऱ्याच उपकरणांत एकाच वेळी मोजकीच कनेक्शन घेता येतात. स्काडा (देखरेखीचं संगणकावरचं सॉफ्टवेअर), एचएमआय आणि कुणाचा तरी विसरलेला लॅपटॉप मिळून ती भरली की नव्याला दार बंद. गेटवेमागे (इथरनेट आणि आरएस-४८५ यांना जोडणाऱ्या उपकरणामागे) आरएस-४८५ चे मीटर असतील तर युनिट आयडीत त्या मीटरचा पत्ता द्यायचा, गेटवेचा नाही.

एवढं करूनही पीएलसीचा पोर्ट मेला असेल अशी शंका उरली तर लाइन पूर्ण काढा, पोर्टला फक्त कन्व्हर्टर जोडा आणि लॅपटॉपवर कुठल्याही सिरियल टर्मिनलमध्ये, पीएलसीच्याच बॉडवर, येणारे बाइट हेक्समध्ये बघा. मास्टर ठरल्या वेळी प्रश्न पाठवताना दिसला तर त्याची बोलायची बाजू जिवंत आहे. ऐकायची बाजू तपासायला लॅपटॉपला स्लेव्ह बनवा, मॉडबस स्लेव्ह नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. दोन्हींत फेल झाला तर कम्युनिकेशनचं मॉड्यूल किंवा बोर्ड मागवा, आणि नवा लावण्याआधी जुना कशाने गेला ते, म्हणजे दोन्ही टोकांच्या अर्थमधलं व्होल्टेज, एसी आणि डीसी दोन्ही रेंजवर मोजून घ्या.